अमेरिकेत नॅशनल मॉन्युमेंट एका सहीने होतं, मग त्याचा पैसा कुठून येतो?

कागदवाचक

१९०६चा अँटिक्विटीज ॲक्ट जेमतेम चार कलमांचा आहे. त्यातल्या दुसऱ्या कलमाने राष्ट्राध्यक्षाला एक मोठा अधिकार दिला. संघ सरकारच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या जमिनीवर ऐतिहासिक स्थळं, जुनी बांधकामं किंवा इतिहास-विज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाच्या इतर गोष्टी असतील, तर घोषणापत्र काढून तिथे नॅशनल मॉन्युमेंट जाहीर करता येतं. अट एवढीच की राखून ठेवलेली जमीन त्या गोष्टींच्या योग्य जपणुकीला लागेल तेवढीच, कमीत कमी असावी. सुनावणी लागत नाही, राज्याची संमती लागत नाही, काँग्रेसची मंजुरीही लागत नाही. (धाग्यात काँग्रेस म्हणजे सगळीकडे अमेरिकेची संसद.)

पण या चारही कलमांत देखभालीच्या पैशाचा शब्द नाही. पहारेकरी कोण ठेवणार, रस्ता कोण करणार, काहीच नाही. आणि अमेरिकी राज्यघटनेप्रमाणे काँग्रेसने कायदा केल्याशिवाय तिजोरीतून एक डॉलरही निघत नाही.

माझं मत असं की, जाहीर करणारा एक आणि पैसे देणारा दुसरा या रचनेमुळे ही मॉन्युमेंट्स पहिल्या दिवसापासून उपाशी असतात. काँग्रेसने नाराजीने हात आखडता घेतला तर सहीला अर्थ किती उरतो? ज्यांनी हे वाचलंय त्यांनी सालं आणि रकमांसकट लिहावं.

सोनकी

पैसा आधी आणि घोषणा नंतर, असंही एकदा झालंय. ॲरिझोनातलं कासा ग्रांदे हे मातीच्या भिंतींचं प्राचीन बांधकाम ढासळत होतं. १८८९मध्ये काँग्रेसने त्याच्या डागडुजीला २,००० डॉलर दिले आणि १८९२मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी भोवतालची जमीन राखीव केली. नॅशनल मॉन्युमेंट ते झालं १९१८मध्ये.

एकेका अवशेषासाठी असा वेगळा कायदा करत बसणं शक्य नव्हतं. नैऋत्येकडच्या पुएब्लो, म्हणजे मूळ रहिवाशांच्या प्राचीन वस्त्यांच्या, अवशेषांतून भांडी आणि मानवी सांगाडे उकरून विकले जात होते. पुरातत्त्वज्ञ एडगर ली ह्युएट यांनी मसुदा केला आणि आयोवाचे खासदार जॉन लेसी यांनी तो सभागृहात मांडला. आधीच्या काही विधेयकांत ३२० किंवा ६४० एकरांची मर्यादा होती. ह्युएटनी आकडा काढून टाकला आणि 'कमीत कमी' हा निकष घातला. सभागृहात टेक्ससचे स्टीफन्स यांनी सरळ विचारलं होतं की, वनराखीव क्षेत्रांसारख्या प्रचंड जमिनी यातून अडकणार तर नाहीत? लेसींनी नाही म्हणून सांगितलं. ८ जून १९०६ला थिओडोर रूझवेल्ट यांची सही झाली आणि पुढची सव्वाशे वर्षं भांडण त्याच दोन शब्दांवरून चाललंय.

पाणकणीस

सव्वाशेला अजून थोडा अवकाश आहे :) बाकी प्रतिसाद उत्तम.

पहिलं मॉन्युमेंट वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर, २४ सप्टेंबर १९०६, साधारण १,१५० एकर. दीडच वर्षात, ११ जानेवारी १९०८ला, ग्रँड कॅन्यनचे ८ लाख ८ हजारांहून अधिक एकर. लेसींचं आश्वासन टिकलं ते एवढेच दिवस.

दगडधोंडा

ग्रँड कॅन्यनवरच पहिला मोठा खटला झाला. राल्फ कॅमेरॉन नावाच्या गृहस्थांनी ब्राइट एंजल पायवाटेच्या मोक्याच्या जागांवर खाणीचे दावे ठोकून ठेवले होते आणि ते पायवाटेवर टोल घेत होते. १९२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले आणि एवढा मोठा कॅन्यनही 'वैज्ञानिक महत्त्वाची गोष्ट' ठरू शकतो असं म्हटलं. तेच कॅमेरॉन १९२१मध्ये सिनेटर झाले आणि ग्रँड कॅन्यनच्या निधीवर घाव घालण्याच्या मागे लागले. कागदवाचक, कोर्टात हरलं की निधी रोखायचा, हा तुमच्या प्रश्नातला मार्ग इतका जुना आहे.

कागदवाचक

@दगडधोंडा, हेच हवं होतं. मग सुरुवातीच्या काळात प्रत्यक्ष रक्कम किती मिळत होती?

सोनकी

पहिली दहा वर्षं मॉन्युमेंटसाठी म्हणून नियमित तरतूदच नव्हती. जमीन ज्या खात्याची, देखरेख त्याच खात्याची: गृहखातं (इथे म्हणजे जमिनी आणि नैसर्गिक संपत्ती सांभाळणारं इंटिरियर), कृषी आणि युद्ध अशी तीन खाती. २५ ऑगस्ट १९१६ला नॅशनल पार्क सर्व्हिस स्थापन करणारा कायदा झाला आणि १९१७च्या आर्थिक वर्षाला गृहखात्याकडच्या सगळ्या मॉन्युमेंट्सना मिळून ३,५०० डॉलर आले. एकेकाच्या वाट्याला दोनशेही नाहीत.

त्यावर उपाय म्हणून जवळपास राहणारा एखादा पशुपालक किंवा व्यापारी 'कस्टोडियन' नेमायचा, पगार महिन्याला एक डॉलर. पगाराचा खरा उपयोग इतकाच की तो माणूस कागदोपत्री सरकारी नोकर ठरायचा आणि भांडी उकरणाऱ्याला अधिकाराने हटकू शकायचा. कायद्यातली शिक्षा जास्तीत जास्त ५०० डॉलर दंड किंवा ९० दिवस कैद, किंवा दोन्ही. कासा ग्रांदेचे फ्रँक पिंकली यांनी नैऋत्येतली अशी अनेक मॉन्युमेंट्स एकत्र बांधून चालवली. कमी पैशात जपणूक कशी करायची हे कोणाकडून शिकायचं असेल तर या माणसाकडून.

तीन खात्यांचा घोळ १९३३मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या आदेशाने मिटला आणि सगळी मॉन्युमेंट्स पार्क सर्व्हिसकडे आली.

झाडोरा

मूळ मताशी असहमत. मॉन्युमेंट जाहीर होताना जे सर्वात महत्त्वाचं घडतं त्याला पैसाच लागत नाही. घोषणापत्रात जमीन 'विथड्रॉ' केली जाते, म्हणजे त्या तारखेपासून नवे खाणदावे, नवी तेल-कोळशाची लीज, जमिनीची विक्री बंद. आधीचे वैध हक्क तेवढे चालू राहतात. हे सगळं सहीच्या क्षणी लागू होतं. निधी नाही म्हणून ते थांबत नाही.

पाण्याचंही तसंच. नेवाडातलं डेव्हिल्स होल हा ट्रुमननी १९५२मध्ये डेथ व्हॅली मॉन्युमेंटला जोडलेला ४० एकरांचा तुकडा. त्यातल्या कुंडात पपफिश नावाचा इवलासा मासा आहे. बाजूच्या शेतमालकांनी पंप लावून भूजल उपसलं, कुंडाची पातळी उतरली आणि माशाची अंडी घालायची उथळ कपार उघडी पडायला लागली. १९७६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जमीन राखताना माशाला लागेल तेवढं पाणीही राखलं गेलं आहे. उपशावर मर्यादा आली. पार्क सर्व्हिसचं अंदाजपत्रक किती आहे हा प्रश्न तिथे आलाच नाही.

कातळखोदा

@झाडोरा, कायदेशीर बंदी फुकट असते हे मान्य. पण जिची चोरी होऊ शकते ती वस्तू बंदीने वाचत नाही. साउथ डाकोटातलं फॉसिल सायकॅड मॉन्युमेंट बघा. येलचे जॉर्ज वीलंड यांनी ३२० एकर जमीन स्वतःच्या नावावर घेऊन सरकारला दिली, १९२२मध्ये मॉन्युमेंट जाहीर झालं. जमिनीवर सायकॅडसदृश वनस्पतींचे जीवाश्म पडलेले होते. तिथे ना रेंजर नेमला, ना इमारत बांधली. संशोधकांनी आणि हौशी लोकांनी मिळून वरचे जवळजवळ सगळे जीवाश्म नेले. १९३०च्या दशकात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. १९३५मध्ये खणून आणखी जीवाश्म काढले, पण इमारतीला पैसा आला नाहीच. अखेर काँग्रेसने कायदा करून १ सप्टेंबर १९५७पासून मॉन्युमेंटच रद्द केलं.

सगळे कायदे लागू असताना ज्या वस्तूसाठी मॉन्युमेंट केलं ती वस्तू संपली. मला हे सर्वात वाईट उदाहरण वाटतं, कारण इथे कुणाचा विरोधसुद्धा नव्हता.

पाणकणीस

फॉसिल सायकॅडबद्दल पहिल्यांदाच वाचलं. वाईट वाटलं.

उंबरठा

जॅक्सन होलशिवाय हा धागा पुरा होणार नाही. कागदवाचक यांच्या प्रश्नाचं ते सरळ उत्तर आहे.

टेटन पर्वताखालचं खोरं वाचावं म्हणून जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी स्नेक रिव्हर लँड कंपनीमार्फत १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून गुपचूप सुमारे ३३,००० एकर विकत घेतले. सरकारला भेट द्यायचे होते, पण वायोमिंगच्या प्रतिनिधींच्या विरोधामुळे काँग्रेस ते स्वीकारायला तयार नव्हती. कंटाळून रॉकफेलरनी कळवलं की सरकारला नको असेल तर दुसरीकडे विकतो. मग १५ मार्च १९४३ला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी २,२१,००० एकरांचं जॅक्सन होल मॉन्युमेंट जाहीर केलं.

पुढचा क्रम असा. पशुपालकांनी शेकडो गुरं मॉन्युमेंटमधून हाकत नेली, त्यात वॉलेस बीरी हा सिनेनट बंदूक घेऊन सामील. काँग्रेसने मॉन्युमेंट रद्द करणारं विधेयक मंजूर केलं, राष्ट्राध्यक्षांनी सही न करता ते संपू दिलं. वायोमिंग कोर्टात गेलं, १९४५मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की हा वाद काँग्रेस आणि राष्ट्राध्यक्षांमधला आहे, दाद तिकडे मागा. मग काँग्रेसने खर्चाच्या विधेयकांत अट घातली की यातला पैसा जॅक्सन होल मॉन्युमेंटवर खर्च करायचा नाही. काही वर्षं हीच अट चालली. नकाशावर मॉन्युमेंट होतं, पण त्याच्या नावाने खर्च दाखवायची सोय नव्हती.

१४ सप्टेंबर १९५०च्या कायद्याने तोडगा निघाला. बहुतेक जमीन ग्रँड टेटन नॅशनल पार्कात गेली. काउंटीच्या बुडालेल्या मालमत्ता कराबद्दल हळूहळू कमी होत जाणारी भरपाई ठरली. चराईचे हक्क टिकवले. एल्क या मोठ्या हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला परवानाधारक शिकाऱ्यांना तात्पुरते रेंजर म्हणून नेमायची सोय झाली. आणि एक कलम कायमचं बसलं: काँग्रेसच्या स्पष्ट मंजुरीशिवाय वायोमिंगमध्ये नवं मॉन्युमेंट नाही, आहे त्याचा विस्तारही नाही. पहिलं मॉन्युमेंट ज्या राज्यात झालं, तिथेच आता राष्ट्राध्यक्षाला ही सही करता येत नाही.

दगडधोंडा

त्याला जोड अलास्काची. १ डिसेंबर १९७८ला कार्टर यांनी एका दिवसात ५ कोटी ६० लाख एकरांची १७ मॉन्युमेंट्स जाहीर केली, कारण अलास्काच्या जमिनींचं विधेयक अडलं होतं आणि तात्पुरत्या बंदीची मुदत संपत आली होती. काँग्रेसने २ डिसेंबर १९८०ला अनिल्का हा कायदा केला, बहुतेकांची पार्क आणि अभयारण्यं केली आणि कलम १३२६ घातलं: अलास्कात ५,००० एकरांपेक्षा जास्त जमीन अशी राखली तर एका वर्षात दोन्ही सभागृहांनी मान्यता द्यावी, नाहीतर ती राखणी संपते.

मधुमालती

मॉन्युमेंट म्हटल्यावर मी वॉशिंग्टनमधल्या उंच ओबेलिस्कची गोष्ट निघेल म्हणून धागा उघडला होता. त्याचा पैसा कुठून आला?

सोनकी

तो या कायद्याखाली येत नाही, पण पैशाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८३३मध्ये एक खाजगी सोसायटी स्थापन झाली, ४ जुलै १८४८ला कोनशिला बसली, वर्गणी आटली आणि १८५४च्या सुमारास काम दीडशे फुटांवर थांबलं. १८७६मध्ये काँग्रेसने २ लाख डॉलर मंजूर केले. ६ डिसेंबर १८८४ला ५५५ फुटांवर शिखर बसलं. मधल्या खंडानंतर संगमरवर वेगळ्या खाणीतून आला, म्हणून रंगातला फरक आजही खालून दिसतो.

राजधानीत असं काही उभारायचं तर आता १९८६चा कमेमोरेटिव्ह वर्क्स ॲक्ट लागतो. आधी काँग्रेसचा कायदा. व्यक्तीचं स्मारक असेल तर तिच्या मृत्यूनंतर २५ वर्षं झालेली हवीत. मंजुरीला सात वर्षांची मुदत. बांधकामाचा परवाना मिळण्याआधी पूर्ण रक्कम हातात दाखवायची आणि वर बांधकाम खर्चाच्या १० टक्के देखभालीसाठी जमा करायचे. बहुतेक योजना याच टप्प्यावर अडकतात: जागा मिळते, आराखडा मंजूर होतो, वर्गणी पुरी होत नाही आणि मुदतवाढीसाठी पुन्हा काँग्रेसकडे जावं लागतं. दुसऱ्या महायुद्धाचं स्मारक १९९३मध्ये मंजूर झालं आणि २००४मध्ये उघडलं, उभा राहिलेला निधी सुमारे १९.७ कोटी डॉलर. त्यात संघ सरकारचे १.६ कोटी, बाकी बहुतेक देणग्या.

तो १० टक्क्यांचा नियम १९०६च्या कायद्यात असता तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटतं.

उंबरठा

+१ शेवटच्या वाक्याला.

शेवंती_१

अवांतर: आपल्याकडच्या १९५८च्या प्राचीन स्मारक कायद्यात केंद्र सरकारला आधी राजपत्रात इरादा जाहीर करून दोन महिने हरकती मागवाव्या लागतात, मगच स्थळ राष्ट्रीय महत्त्वाचं ठरतं. अमेरिकेत ही पायरीच नाही हे वाचून आश्चर्य वाटलं. मग तिकडे कागद फिरतो तरी कसा?

कातळखोदा

@शेवंती_१, कागद बराच फिरतो, फक्त सरकारच्या आत. आधी जमिनीची मालकी तपासतात. खाजगी आणि राज्याच्या जमिनीचे तुकडे नकाशावर वेगळे दाखवतात, कारण घोषणापत्र त्यांना लागू होत नाही. मग 'वस्तूंची' यादी. हा सर्वात नाजूक भाग, कारण खटल्यात प्रत्येक वस्तू आणि तिच्यासाठी घेतलेले एकर यांची सांगड दाखवावी लागते. २०२१मध्ये अटलांटिकमधल्या सागरी मॉन्युमेंटवरचं अपील सर्वोच्च न्यायालयाने घेतलं नाही, पण सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी स्वतंत्र टिपण लिहून 'कमीत कमी क्षेत्र' या अटीला उरलंय काय असा प्रश्न केला. तेव्हापासून तर ही यादी हलक्यात घेऊन चालत नाही.

मसुदा १९६२च्या आदेश क्रमांक ११०३० प्रमाणे आधी अंदाजपत्रक कार्यालयाकडे, मग ॲटर्नी जनरलकडे, मग फेडरल रजिस्टरकडे जातो. राष्ट्राध्यक्ष ही 'एजन्सी' नसल्यामुळे पर्यावरण परिणामांचा अहवाल घोषणेला लागत नाही. तो लागतो नंतरच्या व्यवस्थापन आराखड्याला, आणि हरकती-सूचना तिथेच येतात. आराखड्याला तीनेक वर्षं सहज जातात.

झाडोरा

यात राज्याच्या जमिनीचा मुद्दा निघालाच आहे तर युटा. राज्य होताना युटाला दर टाउनशिपच्या (जमीन-मोजणीतल्या चौकोनी गटाच्या) ३६ सेक्शनांपैकी चार (२, १६, ३२ आणि ३६) शाळांच्या उत्पन्नासाठी मिळाले, प्रत्येकी ६४० एकर. १८ सप्टेंबर १९९६ला क्लिंटन यांनी १७ लाख एकरांचं ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे जाहीर केलं, तेव्हा असे सुमारे १,८०,००० एकर आत सापडले. कागदावर राज्याचेच, पण भोवती मॉन्युमेंट असल्यावर तिथून कोळसा कोण काढणार?

१९९८मध्ये काँग्रेसने अदलाबदल मंजूर केली. राज्याने मॉन्युमेंटमधली आणि इतर पार्क-वनांत अडकलेली मिळून सुमारे ३,७७,००० एकर दिली. बदल्यात ५ कोटी डॉलर रोख, सुमारे १,३९,००० एकर आणि काही खनिज उत्पन्नाचा हिस्सा घेतला. कोळशाची लीज असलेल्या एका कंपनीला वेगळे १.४ कोटी देऊन मोकळं केलं. सही फुकट असते असं मी वर लिहिलं, पण आतल्या जमिनींचं बिल नंतर येतं आणि ते काँग्रेसच भरते.

मधुमालती

आणि राष्ट्राध्यक्ष बदलला की मॉन्युमेंट लहान होतं, ते कसं?

दगडधोंडा

कायद्यात कमी करण्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, त्यामुळे दोन्ही बाजू त्या मौनातून आपापला अर्थ काढतात. १९१५मध्ये विल्सन यांनी माउंट ऑलिंपस जवळजवळ निम्मं केलं होतं. १९३८मध्ये ॲटर्नी जनरल कमिंग्ज यांनी मत दिलं की राष्ट्राध्यक्षाला मॉन्युमेंट समूळ रद्द करता येत नाही. विषय होता चार्ल्सटन बंदरातला कॅसल पिंकनी किल्ला. तो शेवटी १९५६मध्ये काँग्रेसनेच रद्द केला. सार्वजनिक जमिनींबद्दलच्या १९७६च्या फ्लिप्मा कायद्याने गृहखात्याच्या मंत्र्याला मॉन्युमेंट बदलायला मनाई केली, राष्ट्राध्यक्षाबद्दल मौन.

डिसेंबर २०१७मध्ये ट्रम्प यांनी युटातलं बेअर्स इअर्स १३.५ लाख एकरांवरून सुमारे दोन लाखांवर आणि ग्रँड स्टेअरकेस सुमारे दहा लाखांवर आणलं. ऑक्टोबर २०२१मध्ये बायडेन यांनी दोन्ही पूर्ववत केली. २०२५मध्ये न्याय विभागाने १९३८चं मत चुकीचं होतं असं नवं मत दिलं. मला ते पटत नाही. जमिनी देण्या-घेण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला दिलाय. तिने राखायचा अधिकार सोपवला, मोडायचा सोपवलेला नाही.

उंबरठा

@दगडधोंडा, पण मग विल्सननी कमी केलेल्या क्षेत्राला काँग्रेसने इतकी वर्षं हरकत घेतली नाही, त्याचं काय? गप्प राहणं ही संमती धरली तर तुमचा मुद्दा कमकुवत होतो.

दगडधोंडा

कमी करणं आणि रद्द करणं वेगळं आहे. आणि विल्सनचा आदेश कोर्टात कधी तपासलाच गेला नाही. न तपासलेल्या गोष्टीला दाखला म्हणू नये.

कागदवाचक

दोन्ही मुद्दे नोंदवले. आता मूळ प्रश्नाकडे: आज एखादं मॉन्युमेंट जाहीर झालं तर पहिल्या वर्षाचा खर्च नेमका कुठून निघतो?

सोनकी

आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि अंदाजपत्रकाची तयारी त्याच्या वर्षभराहून आधी लागते. डिसेंबरात जाहीर झालेल्या मॉन्युमेंटच्या नावाची ओळ त्या वर्षी नसतेच. मग खातं आहे त्या रकमेतून भागवतं. पार्क सर्व्हिस शेजारच्या पार्कातला अधीक्षक आणि एखाद-दोन रेंजर देते. बीएलएम, म्हणजे सार्वजनिक जमिनी सांभाळणारी संस्था, स्थानिक कार्यालयातला माणूस वळवते. ठरावीक मर्यादेपलीकडे पैसा इकडचा तिकडे करायचा तर काँग्रेसच्या समित्यांना कळवावं लागतं. पुढच्या अंदाजपत्रकात वाढ मागता येते, पण काँग्रेसने कामचलाऊ तरतूद केली तर गेल्या वर्षीचेच आकडे चालू राहतात आणि नवं मॉन्युमेंट आणखी वर्षभर लटकतं.

बाकीचे निधी मदतीला येतील असं वाटतं, पण प्रत्येकाला अट आहे. लँड अँड वॉटर कॉन्झर्व्हेशन फंड २०२०पासून दरवर्षी ९० कोटी डॉलर कायमचा झाला, पण तो मुख्यतः जमीन घेण्यासाठी. त्याच कायद्यातला लेगसी रेस्टोरेशन फंड २०२१ ते २०२५ या पाच आर्थिक वर्षांपुरता होता, दरवर्षी १.९ अब्जांपर्यंत, ७० टक्के पार्क सर्व्हिसला आणि बीएलएमला ५ टक्के, तोही फक्त तुंबलेल्या दुरुस्त्यांसाठी. प्रवेश शुल्काचे निदान ८० टक्के २००४च्या कायद्याने त्याच ठिकाणी राहतात, पण शुल्क घ्यायला आधी फाटक आणि माणूस हवा. रेंजरचा पगार यातल्या कशातूनही सुखासुखी निघत नाही.

पाणकणीस

मेनमधल्या कटाडिन वुड्स अँड वॉटर्सने यावर वेगळा मार्ग काढला. ऑगस्ट २०१६मध्ये सुमारे ८७,५०० एकर देणगीत आले आणि सोबत २ कोटी डॉलर रोख व आणखी २ कोटी उभे करायचं वचन. अँटिक्विटीज ॲक्टमध्ये जमीन दान घ्यायची सोय पहिल्यापासून आहे, १९०८मध्ये म्युअर वुड्सचे २९५ एकर तसेच आले होते. देखभालीचा निधी मात्र दात्याने स्वतःहून जोडला, कायद्याने सांगितलं म्हणून नव्हे. सोनकी यांना हवा असलेला नियम असा एका ठिकाणी तरी अमलात आला.

झाडोरा

कागदवाचक, शेवटी तुमच्या प्रश्नाची उलटी बाजूही बघा. खर्चावरच्या अटीने मॉन्युमेंट उपाशी राहतं तसं वाचतंही. गृहखात्याच्या खर्चाच्या कायद्यात वर्षानुवर्षं एक अट येते: २० जानेवारी २००१ला मॉन्युमेंटच्या ज्या हद्दी होत्या, त्यांच्या आत तेल, वायू, कोळशाच्या लीजची प्रक्रिया करायला यातला पैसा वापरायचा नाही, मूळ घोषणापत्राने परवानगी दिली असेल तेवढं सोडून. तारखेकडे लक्ष द्या. २०१७मध्ये ग्रँड स्टेअरकेसमधून वगळलेली जमीन २००१च्या हद्दीत होती, त्यामुळे ती मॉन्युमेंटबाहेर काढूनही तिथल्या कोळशाच्या लीजच्या कागदावर खात्याला एक डॉलर खर्च करता येत नव्हता.

दोन मर्यादा आहेत. अट फक्त लीजला लागू आहे. सोनं, तांबं, युरेनियम यांचे दावे १८७२च्या खाण कायद्याखाली येतात, त्यांना ती अडवत नाही. आणि बेअर्स इअर्स २०१६चं, म्हणून ते या तारखेच्या बाहेर राहतं.